कुठली पिशवी

विक्रोळी,
४ फेब्रुवारी २०२४

मीरे,

हे पत्र उघडताना केतन जवळ असेल तर त्याला आधी बाहेर पाठव, मग वाच. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मेसेज करावा तर तुझा फोन दिवसभर मुलाच्या हातात. त्याच्या कॉटेजच्या बुकिंगमध्ये माझी ही बातमी गेली तर मनोरीला येणारे पाहुणेही वाचतील.

बातमी अशी की सत्तावन्नाव्या वर्षी मला पुन्हा पाळी आलीय. हस पोटभर. बंद होऊन इतकी वर्षं झाली, मी तर विसरूनही गेले होते. परवा लघवीला गेले तर लाल, कोकमाच्या आगळासारखं. काल परत तेच. दुखत काहीच नाही. ओटीपोटात कळ नाही, कंबर धरली नाही, उन्हाळी लागली की आग होते तशी आगही नाही. कपड्यालाही डाग नाही. म्हटलं म्हातारपणी पाळीसुद्धा शहाणी होते की काय.

घरात कुणाला बोलले नाही. ह्यांना सांगावं तर हे तोंड पाडून गॅलरीत जाऊन बसतील. निलेशला कसं सांगणार? आणि अपूर्वा नवीन सून, डिसेंबरात तर आली. तिच्यासमोर सासूने काय हे काढायचं! कंपनीत रंगाच्या पुड्या भरायचो तेव्हा आख्ख्या टेबलावरच्या बायकांच्या तारखा आपल्याला पाठ असायच्या. आता बोलायला तू एकटी उरलीस, तीही बहिरी.

तुझी पिशवी काढली तेव्हा सुरुवात अशीच झाली होती ना? कळव लगेच.

तुझी जया


मनोरी,
१२ फेब्रुवारी २०२४

जये,

साठी जवळ आली आणि तुला नहाण आलं! पेढे वाट, पेढे.

अगं, माझं तसंच होतं. उतरत्या वयात पिशवी कुरकुर करते. अशोकारिष्ट आण आणि जेवणानंतर तेवढंच पाणी घालून घे. नाही थांबलं तर डॉक्टरणीकडे जा, ती म्हणाली काढू तर काढून टाक. माझी काढली आणि आठ दिवसांत मी भाकऱ्या थापत होते. पोरं झाली, काम संपलं, रिकामी पिशवी आत ठेवून करायचंय काय? लोणचं घालणार आहेस का?

दुखत नाही म्हणतेस ना, मग बिनधास्त राहा. इकडे ये एकदा. मार्व्याला बोटीत बसलीस की पाचव्या मिनिटाला माझ्या दारात. केतनने कॉटेजच्या मागे बाकडं टाकलंय, समोर खाडी. मला लाटा ऐकू येत नाहीत पण दिसतात तर खरं.

जय भीम.
मीरा


विक्रोळी,
३ मार्च २०२४

मीरे,

तुझ्या तोंडात साखर पडो. एक बाटली संपायच्या आत थांबलं. पंधरा दिवस झाले, पाण्यासारखं स्वच्छ. डॉक्टरणीची फीसुद्धा वाचवलीस. तुला पॅकिंगमध्ये उगाच सडवली, दवाखाना घालायला हवा होतास.

यंदा अपूर्वाचा पहिला ओवसा. गौरी येतील तेव्हा गावाला नेऊन सुपं भरायची, नव्या सुनेने ती गौरीपुढे ओवसायची, मग सगळ्या मोठ्यांना द्यायची. माझ्या सासूने माझा केला, आता मी हिचा करणार. ती ऑफिसला जाते मुलुंडला, तिला यातलं ओ की ठो माहीत नाही. म्हणते, आई, यूट्यूबवर बघते. मी म्हटलं, गौरी काय यूट्यूबवर येणार आहेत का गं?

बोंबील पाठवलेस ते पोचले. घर दोन दिवस घमघमत होतं. अपूर्वाने खिडक्या उघडल्या आणि मग दोन ताटं भात जेवली.

तुझी जया


विक्रोळी,
३० जून २०२४

मीरे,

मध्ये लिहायला झालं नाही. मे महिन्यात परत सुरू झालं, या वेळी गुठळ्या पडायला लागल्या. अशोकारिष्टाने ऐकलं नाही. शेवटी अपूर्वाच्या लक्षात आलं, तीच घेऊन गेली. पिशवीत गाठ निघाली. दोन दिवस ठेवून घेतलं आणि गाठ खरवडून काढली. ती तपासायला पाठवली होती, त्याचा रिपोर्ट आला. आता पिशवीच काढून टाका म्हणतात. लवकर करा म्हणतात.

पण पुढे गणपती आहेत. गावाला मखर, रंगकाम, सगळं आमच्यावर. अपूर्वाचा ओवसा आहे. पिशवी काढून मी गौरीपुढे कशी उभी राहणार? हे म्हणतात, "गणपती होवंदे, मगे बघूया." निलेश गप्प आहे. एकटी अपूर्वा मागे लागलीय.

तुझं मत सांग. तू यातून गेलीयेस. तू म्हणशील तसं करेन.

तुझी जया


मनोरी,
९ जुलै २०२४

जये,

अगं गाठ गाठ काय करतेस! आमच्या अख्ख्या खानदानात एक बाई दाखव जिच्या पिशवीत गाठ नव्हती. माझ्या थोरल्या बहिणीची तर नारळाएवढी होती, ती घेऊन तिने दोन पोरींची लग्नं लावली.

खरवडून साफ केलीय ना? मग आता घाई काय आहे? गणपती होऊ दे. सुनेचा ओवसा कर थाटात. मग आरामात काढ आणि बरी झालीस की महिनाभर माझ्याकडे ये, तुला बाकड्यावर बसवून निवट्यांचं कालवण खायला घालते. डॉक्टर लोकांना काय, सगळं कालच करायचं असतं. अपूर्वाला सांग, मीरामावशीने स्वतः काढलीय, तिला कळतं.

जय भीम.
मीरा


विक्रोळी,
२८ जुलै २०२४

मीरामावशी, नमस्कार.

मी अपूर्वा. आपण एकदाच भेटलोय, माझ्या लग्नात. तुम्ही माझ्या गालावरून हात फिरवून "वाळकी आहे गं, हिला मासे घाल" म्हणाला होता. तुमचा पत्ता मी आईंच्या पाकिटावरून घेतला. त्यांना न सांगता लिहितेय.

गेल्या आठवड्यात आईंनी तुमच्या पत्रातली एक ओळ आम्हा सगळ्यांना वाचून दाखवली. "गणपती होऊ दे." त्यानंतर बाबांनी आणि निलेशने विषयच बंद केला. मावशी, तुम्हाला गैरसमज झालाय. गाठ गर्भपिशवीत नाही. लघवीच्या पिशवीत आहे आणि ती कॅन्सरची आहे.

मी त्यांना आधी स्त्रियांच्या डॉक्टरकडेच नेलं होतं, कारण त्या अंगावरून जातं म्हणाल्या. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, कपड्याला डाग पडतो का? आई म्हणाल्या, नाही, फक्त लघवीला गेल्यावर. तिथेच त्यांना शंका आली. मग दुर्बीण आत घालून बघितलं आणि गाठ खरवडली. गाठ नुसती आतल्या अस्तरात असती तर खरवडून, पिशवीत दर आठवड्याला औषध सोडून, पुन्हा पुन्हा दुर्बिणीने बघत राहिले असते. लहान बाळांना बीसीजीची लस टोचतात ना, तेच औषध. कित्येक लोक तसे वर्षानुवर्षं नीट राहतात. पण आईंची गाठ पिशवीच्या स्नायूत शिरलीय. आता आधी सलाईनमधून केमो आणि मग पूर्ण पिशवी काढायची. सोबत गर्भपिशवीही काढतात. आतड्याच्या तुकड्याची वाट करून पोटावर एक तोंड काढतात आणि त्याला बाहेरून पिशवी चिकटवतात. लघवी कायम त्यात जमणार. डॉक्टर म्हणाले, आत्ता केलं तर बरं होण्याची चांगली आशा आहे. थांबण्यात मात्र धोका आहे, स्पष्ट सांगितलं.

आईंना हे सगळं माहीत आहे. त्यांच्यासमोरच डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. तरी त्या म्हणतात, तुझा ओवसा झाल्याशिवाय नाही. मावशी, मला ओवसा नको. मला आई हव्यात. मी हे बोलले तर बाबा म्हणाले, नव्या सुनेच्या तोंडी शोभत नाही.

त्या फक्त तुमचं ऐकतील.

आणखी एक. डॉक्टरांनी विचारलं, कधी रंगाच्या कारखान्यात काम केलंय का? काही रंगांमुळे हा आजार कित्येक वर्षांनंतर होऊ शकतो म्हणे. आई म्हणाल्या, "मी आणि मीरा." तर तुम्हीही एकदा लघवी तपासून घ्या.

अपूर्वा


मनोरी,
२ ऑगस्ट २०२४

जया,

तुझ्या सुनेने लिहिलं म्हणून कळलं. तिला बोललीस तर याद राख.

तुझी सगळी पत्रं काढून परत वाचली. पहिल्याच पत्रात तू लिहिलंयस, कपड्याला डाग नाही. मी ते वाचलं आणि पुढे गेले. मला पेढ्यांचा विनोद सुचत होता. त्याला मी काय करू आता? पण जूनचं पत्र? "पिशवीत गाठ निघाली." कुठली पिशवी ते लिहायला तुझी शाई संपली होती? तुला माहीत होतं मी काय समजेन. एकही शब्द खोटा लिहिला नाहीस आणि सगळं लपवलंस. तुला माझं मत नकोच होतं. घरच्यांना दाखवायला माझी सही हवी होती.

अगं मी विहारात जाणारी बाई, जन्मात कधी गणपतीला हात जोडले नाहीत. माझ्याच तोंडून "गणपती होऊ दे" वदवून घेतलंस! त्या एका ओळीवर तुझं मरण लिहून घेतलंस.

ती ओळ मी मागे घेते. घरात सगळ्यांना हे पत्र वाचून दाखव. पिशवी काढ. पोटावर लाव, पाठीवर लाव, डोक्यावर लाव, पण जिवंत राहा. मी मंगळवारी येतेय.

मीरा


विक्रोळी,
११ ऑगस्ट २०२४

मीरे,

तू येऊन गेलीस. मी केलेला चहा तसाच ठेवून गेलीस. मी काहीच बोलले नाही असं तुला वाटलं असेल. काय बोलणार? तुला ऐकवायचं तर ओरडायला हवं आणि आमच्या भिंती तुला माहीत आहेत. लघवी, पिशवी, पोटाला भोक, हे सगळं मी गळा काढून ओरडू? शेजारी नळावर उभे असताना? म्हणून आता लिहिते.

तू म्हणतेस ते खरं आहे. मी मुद्दाम तसं लिहिलं. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं तेव्हा माझे कान तुझ्यासारखे झाले. नुसतं त्यांचं तोंड हलताना दिसत होतं. मग घरी आले आणि मला कुणीतरी हवं होतं जे म्हणेल, काही नाही गं, होतं असं बायकांना. तसं म्हणणारी तू एकटी होतीस.

मुताची पिशवी पोटाला बांधून मी देवाजवळ जाऊ? गौरीची सुपं भरू? माझ्या सासूने पाळीच्या दिवसांत मला चुलीची राखही भरू दिली नाही. ही पिशवी तर चार दिवसांत संपणारी नाही, मरेपर्यंत बांधलेली. मी उकड काढली तर तो मोदक कोण खाईल? जावा तोंडावर बोलणार नाहीत, पण ताट सरकवतील. मला दिसतंय ते. आणि केमोने केस जातात. अपूर्वाच्या पहिल्या ओवशाला सासू बोडकी उभी राहणार का?

तू म्हणशील, हे सगळं खोटं आहे. असेल. पण मी त्यातच वाढले गं.

आणि खरं सांगू? मला भीती वाटते. एवढं सगळं आतून काढल्यावर मी उरेन किती?

एकदा हा ओवसा माझ्या हातून होऊ दे. मग कुठे सही करायची तिथे करेन. तुझी शपथ.

जया


मनोरी,
१९ ऑगस्ट २०२४

जया,

माझी शपथ घालू नकोस, मला ती नको.

तुझा देव तुझ्या सासूने बनवलाय का? आमच्या माणसांनी किती वर्षं ऐकलं, हात लावू नका, सावली पाडू नका. तुला माझ्या डब्यातलं खायला पहिल्या वर्षी किती दिवस लागले आठव. मग खाल्लंस. आकाश कोसळलं का?

मी लघवी तपासली. स्वच्छ आहे. केतन खूश झाला. मी खाडीवर जाऊन रडले. एकाच टेबलावर दोघींनी तोच रंग भरला, थुंकी दोघींची निळी व्हायची. मला का नाही आणि तुला का? उत्तर कुणाकडे नाही.

अजून वेळ आहे. गाडीचं तिकीट फाडून टाक.

मीरा


विक्रोळी,
२२ सप्टेंबर २०२४

मीरे,

काल गावाहून परतलो. ओवसा झाला. सुपं मी माझ्या हातांनी भरली, काकडी, नारळ, पानं, पाच फळं. अपूर्वाला हिरवी साडी शोभून दिसली. ती सारा वेळ रडत होती. जावांना वाटलं, माहेरची आठवण आली.

मोदक मी केले. सगळ्यांनी खाल्ले. त्याच दिवशी गुठळ्यांनी लघवी अडली होती, मी परसात नारळीला धरून उभी होते आणि आत आरती चालू होती. तशीच आत गेले, हसले, प्रसाद वाटला. डाव्या कंबरेत आता ठणका असतो. प्रवासाने असेल.

उद्या जाणार आहोत डॉक्टरांकडे. मी शब्द पाळला. तू बोलशील ना माझ्याशी?

जया


विक्रोळी,
१३ ऑक्टोबर २०२४

मीरामावशी,

ऑपरेशन होणार नाही. नवीन स्कॅनमध्ये गाठ पिशवीबाहेर गेलेली दिसली. पोटातल्या लसिकाग्रंथींत आहे आणि कंबरेच्या हाडात आहे. प्रवासाचा ठणका नव्हता तो. डॉक्टर म्हणाले, आता पिशवी काढून उपयोग नाही. औषधं देतील, दुखणं कमी करायला रेडिएशनचा शेक देतील. आता झेपेल तेवढंच. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

निलेशने विचारलं, जुलैत केलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, नक्की कुणीच सांगू शकत नाही. मग स्कॅन पाकिटात घालताना म्हणाले, पण संधी होती.

बाबा घरी आल्यापासून मखराचा उरलेला थर्मोकोल माळ्यावर चढवतायत, खाली काढतायत, परत चढवतायत. आई मला म्हणाल्या, तू वाईट वाटून घेऊ नको, तुझ्यामुळे काही झालं नाही. मावशी, माझ्याच ओवशासाठी झालं ना सगळं? मी ती हिरवी साडी कपाटाच्या तळाशी कोंबलीय.

तुम्ही या. त्या विचारतात, मीराचं पत्र आलं का.

अपूर्वा


मनोरी,
२० ऑक्टोबर २०२४

जये,

मी बोलणार नाही असं कसं वाटलं तुला? महिनाभर रोज कागद घेऊन बसते. राग लिहावा तर आता कुणावर? धीर लिहावा तर खोटा. तुला खोटं लिहून एकदा काय झालं ते बघितलं.

मला तू हवी आहेस. बाकी काही सुचत नाही. केतनचे दिवाळीचे पाहुणे गेले की लगेच येते. अपूर्वाला सांग, साडी वर काढ. तिने तुला दवाखान्यात नेलं. आपण सगळ्यांनी मिळून परत आणलं.

मीरा


विक्रोळी,
३ नोव्हेंबर २०२४

मीरे,

पडून लिहितेय, अक्षर समजून घे.

मागच्या आठवड्यात लघवी पूर्ण बंद झाली. गाठीने वाट दाबली, मूत्रपिंडं फुगली. मग पाठीतून दोन नळ्या आत घातल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन नळ्यांना दोन पिशव्या. पोटावर एक नको म्हणून हटून बसले होते, पाठीला दोन आल्या. तुला हसू येईल म्हणून आधी तेच लिहिलं. मी मात्र हसले नाही. खूप रडले, सगळ्यांच्या देखत. या नळ्यांनी आजार जायचा नाही, नुसती मूत्रपिंडं चालू राहतील आहेत तेवढे दिवस.

लक्ष्मीपूजनाला मी आत पडून होते, भिंतीकडे तोंड करून. बाहेर ताटांचा आवाज येत होता. अपूर्वा आली आणि म्हणाली, "आई, उठा. दिवा तुम्ही लावायचा." मी म्हटलं, "अगं, ह्या घेऊन?" तिने भाजीची माझी जुनी कापडी पिशवी आणली, दोन्ही पिशव्या तिच्यात ठेवल्या, माझ्या खांद्याला अडकवल्या आणि मला धरून देवासमोर पाटावर बसवलं. रिकाम्याही केल्या नव्हत्या गं, अर्ध्या भरलेल्या होत्या. काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा दिवा लागला.

मी वाट बघत बसले. कसली कुणास ठाऊक. वास आला नाही. कुणी उठून गेलं नाही. ह्यांनी आपला पाट माझ्या पाटाला चिकटवला. मी फोडलेला बत्तासा निलेशने तोंडात टाकला. दिवा दरवर्षी जळतो तसाच जळत होता.

एवढंच होतं, मीरे. एक पिशवी लावून हे मला पुढची वीस वर्षं करता आलं असतं.

तू लवकर ये. माझ्याशेजारी बस आणि विचार काय विचारायचं ते, मी ओरडून सांगेन. भिंतीपलीकडे ऐकू गेलं तरी आता चालेल.

तुझी जया